फिलाडेल्फियातला पहिला हिवाळा

पंचावन्नाव्या वर्षापर्यंत मी बर्फ पाहिला होता तो रसवंतीतला आणि मासळीबाजारातला. गोणपाटात गुंडाळलेली लादी, तिच्यावर चिकटलेला लाकडाचा भुसा, एवढीच आमची ओळख. २०१६ सालच्या जानेवारीत मुलीकडे फिलाडेल्फियाला होतो आणि २२ तारखेच्या शुक्रवारी रात्री ती ओळख एकदम वाढली.

दोन दिवस आधीपासून टीव्हीवर इशारे चालले होते. दुकानांतले दूध, पाव संपले. मला वाटले, आपल्याकडच्या जुलैतल्या पावसासारखेच असणार. ढग गडगडतील, वारा सुटेल, मग कळेल. पण या वादळाला आवाजच नव्हता. आपला पाऊस पत्र्यावर वाजतो, पागोळ्यांतून बोलतो. हे मात्र दिव्याच्या उजेडात नुसते पडत होते, तिरपे, न थांबता. दुसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिले तर समोरच्या मोटारी नाहीशा झाल्या होत्या. त्यांच्या जागी पांढरे उंचवटे होते. रात्रीपर्यंत त्या शहरात २२ इंचांहून अधिक बर्फ पडला.

तिथे आपल्या घरापुढचा पदपथ आपणच मोकळा करायचा असतो. उत्साहाने फावडे घेऊन मीही उतरलो. दहा मिनिटांत बोटे चटका बसावा तशी पोळू लागली आणि मग कळेनाशी झाली. पण खरी थंडी शिरली ती पायांतून. दोन मोजे, जाड बूट, तरी पोटऱ्यांपर्यंत कळ आली. घरात येऊन हीटरपाशी बसलो तेव्हा मुलगी चहा देता देता सहज म्हणून गेली, की आनंदीबाई जोशींचे कॉलेज याच शहरात होते.

मी नोकरीतली काही वर्षे कल्याणच्या शाखेत काढली आहेत. आनंदीबाई कल्याणच्या जोश्यांच्या. त्यांचे नाव शाळेपासून ऐकत आलो, श्री. ज. जोशींची कादंबरी वाचली, पण त्यांच्या पायांचा विचार कधी मनात आला नव्हता. त्या दिवशी आला.

चरित्राचा सांगाडा सर्वांना ठाऊक आहे. जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न. गोपाळराव पोस्टात कारकून, बिजवर, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा ध्यास, आणि तो पुरा करण्याची त्यांची रीत मारहाणीचीही होती. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार झाले असते तर तो वाचला असता, ही टोचणी मनात राहिली आणि डॉक्टर व्हायचे ठरले. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा नवऱ्याच्या बदल्यांबरोबर हा निश्चय फिरत राहिला. रोझेल, न्यू जर्सी येथील कार्पेंटर नावाच्या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत असताना एका मिशनरी मासिकात या जोडप्याविषयी वाचले आणि पत्र लिहिले. कुठे कुणाचा दात दुखावा आणि कुणाचे आयुष्य वळावे!

फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात, बंगालमध्ये, आनंदीबाईंनी भर सभेत इंग्रजीत भाषण केले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याची ग्वाही दिली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, नवऱ्याविना, मिशनरी बायकांच्या सोबतीने. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा उन्हाळा होता. कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना मावशी म्हणत म्हणत चार महिने सुखात गेले. ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव दाखल झाले. १८५० साली निघालेली ही संस्था. डीन रेचल बॉडली मायेच्या होत्या. सारे काही जुळून आले होते. आणि मग थंडी सुरू झाली.

कल्याण एकोणीस अक्षांशावर, फिलाडेल्फिया चाळीस. भूजची, कलकत्त्याची थंडी आनंदीबाईंनी काढली होती, पण बर्फ पडतो अशा मुलखात त्या तोवर राहिल्या नव्हत्या. कादंबरीकाराला अशा ठिकाणी प्रसंग रंगवण्याची खोड असते, ती आवरतो. जे घडले तेच पुरेसे आहे.

त्यांच्या खोलीतली शेगडी नीट नव्हती. पेटवली की धूर खोलीत कोंडायचा. म्हणजे धूर सोसायचा किंवा थंडी सोसायची, दोन्हींतले एक रोज निवडायचे. मांसाहार वर्ज्य. त्या हवेत अंगाला ऊब देणारे जे अन्न तिथले लोक खात, त्यातले बरेचसे त्यांच्या पानात येणार नव्हते. स्वयंपाक स्वतःचा स्वतः करायचा, तोही अभ्यास सांभाळून. आणि अंगावर नऊवारी लुगडे.

नऊवारी हे कष्टाचे, चालण्याचे वस्त्र आहे. काष्टा घातला की बाई शेतात वाकते, विहिरीवर चढते. आपल्या हवेत त्याच्यासारखे सोयीचे काही नाही. पण पोटऱ्या उघड्या राहतात. कॉलेजला जाणाऱ्या रस्त्यावर गुडघाभर बर्फ साचला असताना उघड्या पोटऱ्यांनी चालायचे म्हणजे काय, हे मी दोन मोज्यांतून दहा मिनिटे अनुभवले होते.

आनंदीबाईंनी मार्ग काढला. त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. गोल नेसण, आत परकर घालता येतो, पाय घोट्यापर्यंत झाकले जातात. झगा घातला नाही. साडी सोडली नाही. केवळ नेसण बदलली. आज आपल्याला ही बाब क्षुल्लक वाटेल. पण गोपाळरावांना ती क्षुल्लक वाटत नव्हती. बायकोच्या वेशाकडे, आहाराकडे, विचारांकडे त्यांचे समुद्रापलीकडून लक्ष असे आणि त्यांची पत्रे बोचरी असत. माझे मत असे, की अमेरिकेला जाण्याचा निर्णय निम्मा तरी नवऱ्याचा होता. नेसण बदलण्याचा निर्णय मात्र सर्वस्वी त्या अठरा वर्षांच्या मुलीचा. धर्म कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होते, हे तिने कुणा शास्त्रीबुवांना न विचारता ठरवले.

या थंडीनेच त्यांना क्षय झाला, असे सर्रास लिहिले जाते. थंडीने क्षय होत नाही. तो जंतूंमुळे होतो, आणि तो जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ सालीच, म्हणजे त्या निघण्याच्या वर्षभर आधी, दाखवून दिला होता. औषध सापडायला मात्र आणखी साठ वर्षे लागायची होती. पण अर्धपोटी, धुराने खोकणारे, रात्रीच्या जागरणाने थकलेले शरीर अशा जंतूला दार उघडे ठेवते, एवढे खरे. असे तीन हिवाळे त्यांनी काढले. १८८५ च्या ऑक्टोबरातला त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली आणि आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तो फोटो मी कितीदा पाहिला असेन. आता पाहतो तेव्हा नजर प्रथम साडीच्या खालच्या काठाकडे जाते.

११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. समारंभाला गोपाळराव होते आणि मुद्दाम इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाई होत्या. प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांचे ते मूल आईच्या मनातून गेले नव्हते, असे मला हा विषय वाचून वाटते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री विभागाचे काम त्यांना देऊ केले गेले. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईला उतरल्या तेव्हा त्या खंगलेल्या होत्या. कोल्हापूरचे काम हाती घेणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला होता.

त्यानंतरच्या वर्षी ११ मार्चला, पदवीदानाला बरोबर दोन वर्षे होत असताना, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर एक भयंकर हिमवादळ उठले. ते तीन-चार दिवस चालले. एकट्या न्यूयॉर्क शहरात २१ इंच बर्फ पडला, आणि सर्व मिळून चारशेच्या आसपास माणसे दगावली, असे सांगतात. वादळाचा आणि आनंदीबाईंचा संबंध काही नाही. तारीख जुळली म्हणून नोंदवतो.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. बाईंनी ती हडसन नदीकाठच्या पोकीप्सी गावात, आपल्या माहेरच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. परतण्यापूर्वी, मे महिन्यात, मुलीने मला तिथे नेले. बर्फाचा मागमूस नव्हता. सगळीकडे गवत हिरवेगार होते, आपल्याकडच्या श्रावणासारखे. शोधायला थोडा वेळ लागला. लहानसा दगड आहे. नाव, पदवी, जन्माचे आणि मृत्यूचे साल, आणि शिक्षणासाठी भारत सोडून आलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा मजकूर. शेजारी सगळी परकी नावे.

थंडीत हे झाकून जात असेल का, असे मी विचारले. मुलगी म्हणाली, जातच असणार बाबा, दरवर्षी. मग तिने बागेतली चार फुले दगडापुढे ठेवली आणि आम्ही गाडीकडे निघालो.