पांढऱ्या डोळ्यांचे चिलट

पावसाळ्यात भंडाऱ्याच्या बाजारातून आणलेली केळी दोन दिवस टोपलीत राहिली, की त्यांच्यावर चिलटे घोंगावू लागतात. घरची बाई पदराने ती हाकलते. थॉमस हंट मॉर्गन या अमेरिकन प्राध्यापकाने मात्र दुधाच्या बाटल्यांत केळी घालून ती वर्षानुवर्षे सांभाळली.

मॉर्गन १८६६ साली केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन येथे जन्मले. एका अंड्यातून पाय, पंख, डोळे असा सारा संसार कसा उभा राहतो, हा त्यांचा मूळ ध्यास. मेंडेलच्या आनुवंशिकतेवर त्यांचा विश्वास नव्हता. १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात लाल डोळ्यांच्या चिलटांत त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्याच्या नातवंडांत २,४५९ माद्या, साऱ्या लाल डोळ्यांच्या. नर मात्र १,०११ लाल आणि ७८२ पांढरे!

माझी हयात बँकेत गेली. फरक सगळा एकाच बाजूला पडू लागला, की कोणती वही उघडायची हे हिशेबनिसाला कळते. मॉर्गनना कळले, की डोळ्याच्या रंगाची नोंद लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रातच आहे. आपण नाकारत होतो तेच खरे निघाले, हे त्यांनी मान्य केले. मला त्यांचे मोठेपण इथेच दिसते.

बाटल्या धुवायला आलेला ब्रिजेस आणि गुणसूत्राचा पहिला नकाशा काढणारा स्टर्टेव्हंट हे त्यांचे शिष्य. १९३३ च्या नोबेलची रक्कम मॉर्गननी स्वतःच्या आणि या दोघांच्या मुलांमध्ये वाटली.

पण पहिला ध्यास राहूनच गेला. अंड्याची आणि आनुवंशिकतेची सांगड घालायला त्यांनी १९३४ साली पुस्तक लिहिले, ती काही बसली नाही. १९४५ साली ते गेले.

कॅलिफोर्नियात ज्या संस्थेचा जीवशास्त्र विभाग त्यांनी १९२८ मध्ये उभारला, तिथेच सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत १९७६ साली चिलटाचा डोळा घडताना नीट पाहिला गेला. (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ओबेद सिद्दीकी यांनीही बेंझर यांच्याबरोबर याच चिलटावर काम केले.) आपल्याकडे बांधीत बाया मागे सरकत धानाची रोवणी करतात, तसा अळीच्या अंगातल्या चकतीवर एक चर सरकतो आणि त्याच्यामागे सुमारे दोन तासांना एक अशा ओळी लागत जातात. असे सातशे-आठशे बारीक डोळे मिळून एक डोळा होतो.

प्रत्येकात प्रकाश टिपणाऱ्या आठ पेशी. आठवा क्रमांक दिलेली सर्वांत आधी ठरते, सातवी सर्वांत शेवटी. कोणी काय व्हायचे हे गोत्र पाहून नव्हे, शेजार पाहून ठरते. आठवीचा निरोप सातवीला पोचला नाही, तर ती प्रकाश टिपत नाही; भिंग घडवणाऱ्या पेशींत जाऊन बसते.