लोकमान्य आणि अधिक मासाचा निर्णय

सार्वजनिक गणेशोत्सवाचे प्रवर्तक म्हणून लोकमान्य टिळक घरोघर वंदनीय आहेत. परंतु गजाननाच्या स्थापनेची तिथी आकाशाशी जुळती असावी, यासाठी त्यांनी केलेले परिश्रम थोड्यांनाच ठाऊक असतात. 2023 साली एका घरी गणपती ऑगस्टात व दुसऱ्या घरी सप्टेंबरात बसले. कुपवाडास कीर्तन आटोपल्यावर आम्हांस विचारणा झाली, की यांतील खरी चतुर्थी कोणती? उत्तर लोकमान्यांच्या चरित्रातच आहे.

रत्नागिरीस 23 जुलै 1856 रोजी जन्मलेल्या बाळ गंगाधरांनी डेक्कन कॉलेजात केरूनाना छत्रे यांच्यापाशी गणिताचे अध्ययन केले. प्रत्यक्ष वेधांशी जुळणाऱ्या पंचांगाचा ध्यास नानांनी आधीच घेतला होता. शिष्याने 1893 साली ‘ओरायन’ ग्रंथात नक्षत्रांवरून वेदकाल शोधिला.

बारा चांद्रमासांचे 354 दिवस सौरवर्षाहून सुमारे 11 दिवसांनी उणे पडतात. इंग्रजी कालगणना चौथ्या वर्षी एक दिवस वाढविते. हिजरी गणनेत अधिक मास नाही, म्हणून तिचे सण ऋतूंतून फिरतात. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्यसंक्रांत होत नाही, तो अधिक मास. तो सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो.

मात्र संक्रांत मोजावी कोठून? लोकमान्यांनी रेवती योगतारेचा पक्ष घेतला. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, आमच्या शेजारच्या सांगलीस भरलेल्या ज्योतिषसंमेलनाने पंचांगशुद्धीच्या या कार्यास बळ दिले. पुढे हेच पंचांग टिळकांच्या नावाने रूढ झाले. इतर बहुतेक पंचांगे चित्रा तारेवरून गणित करितात. दोहोंच्या संक्रांतींत सुमारे चार दिवसांचे अंतर पडते. म्हणून एकाचा अधिक मास कधी दुसऱ्याचा निज मास ठरतो. 2023 सालच्या अधिक श्रावणाचे असेच झाले.

लोकमान्य 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईस निवर्तले. शास्त्रवचनाचा आदर राखूनही गणित आकाशात पडताळून पाहावे, हा त्यांचा वारसा होय. तेव्हा ज्या कुळात जे पंचांग चालत आले, तेच वर्षभर निष्ठेने पाळावे; एक सण या पंचांगाने व दुसरा त्या पंचांगाने करू नये आणि तिथीवरून भाऊबंदांत तेढ वाढवू नये. दोन्ही चतुर्थ्यांना येणारा विघ्नहर्ता एकच आहे.