काचेच्या पेटीतली हिरवी सृष्टी

मासे संपले, पंप बंद पडला, की मोठी मत्स्यपेटी माळ्यावर जाते किंवा भंगारवाल्याकडे रवाना होते. तिच्यात माती घालून नेचे आणि शेवाळ वाढविता येते, हे अनेकांना ठाऊक असते. मात्र या कल्पनेमागे लंडनमधील एका डॉक्टरची जन्मभराची साधना आहे, याची कल्पना फारच थोड्यांना असते. नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हे त्यांचे नाव.

वॉर्ड यांचा जन्म 1791 मध्ये लंडनला झाला. वडील डॉक्टर होते. तेराव्या वर्षी जमैकाच्या सफरीत उष्ण कटिबंधातील वनश्री पाहून त्यांना वनस्पतींचे वेड लागले. पुढे पूर्व लंडनमधील वेलक्लोज स्क्वेअरमध्ये त्यांनी वैद्यकीय व्यवसाय केला. हा भाग गोदीजवळचा. कोळशाच्या धुरामुळे त्यांची नेच्याची रोपे एकामागून एक जळून गेली.

1829 मध्ये त्यांनी पतंगाचा एक कोश ओलसर मातीसह काचेच्या बाटलीत झाकून ठेवला. पतंग बाहेर येण्यापूर्वीच मातीतून एक नेचा आणि गवताचे पाते उगवले. दिवसा मातीतील ओल वाफेच्या रूपाने काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. बाहेरची काजळी आत शिरत नव्हती. उत्तरेकडील खिडकीबाहेर ठेवलेल्या या बाटलीत ती रोपे पाण्याविना सुमारे चार वर्षे जगली. वॉर्ड परगावी असताना झाकण गंजले, पावसाचे पाणी आत गेले आणि रोपे कुजली.

तोवर सूत्र हाती आले होते. 1833 मध्ये त्यांनी नेचे आणि गवत लावलेल्या दोन काचपेट्या जहाजाने सिडनीला पाठविल्या. रोपे सुखरूप पोहोचली. परतीच्या प्रवासात ऑस्ट्रेलियातील रोपे सिडनीचा उन्हाळा आणि केप हॉर्नची हिमवृष्टी सोसून ताजी राहिली. त्यापूर्वी चीनहून निघालेल्या हजार रोपांपैकी जेमतेम एक जगते, असा अंदाज 1819 मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरने मांडला होता. 1842 मध्ये वॉर्ड यांनी आपल्या प्रयोगांवर पुस्तक लिहिले, तर 1852 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

या पेटीने भारताचाही इतिहास बदलला. रॉबर्ट फॉर्च्यून यांनी 1848 ते 1851 या काळात चीनमधून हजारो चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली, ती याच पेट्यांतून. हिवतापावरील क्विनीन ज्या सिंकोनाच्या सालीपासून मिळते, त्याची रोपेही अशाच पेट्यांतून निलगिरीला आली. मात्र 1860 मध्ये क्लेमेंट्स मार्कम यांनी पेरूहून पाठविलेली रोपे तांबड्या समुद्रातील उष्म्याने खंगली आणि हातची गेली. पुढील वर्षी आलेली रोपे मात्र रुजली. पेटी चांगली असली तरी ती कोठे ठेवली जाते, यावर रोपांचे जीवन अवलंबून होते. प्रकाशासाठी ती जहाजाच्या डेकवर ठेवावी लागे आणि तेथे काच फुटली तर खारे पाणी आत शिरे.

दिवाणखान्यातल्या रिकाम्या मत्स्यपेटीलाही हाच नियम लागू आहे. कडक ऊन थेट पडले तर बंद काचेत आतली हवा तापते आणि रोपे होरपळतात. काळोख्या कोपऱ्यात ती जगत नाहीत. म्हणून भरपूर उजेडाची, पण थेट उन्हापासून दूर असलेली जागा तिला मानवते. ओल्या मातीने भरलेली मोठी पेटी फार जड होते. त्यामुळे ती मजबूत, सपाट बैठकीवर, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवावी आणि भरण्यापूर्वीच जागा ठरवावी, कारण भरलेली पेटी हलविताना काचेचे सांधे निखळू शकतात.

4 जून 1868 रोजी वॉर्ड यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पेट्या त्यानंतरही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सातासमुद्रापलीकडे रोपे नेत राहिल्या.