काचबिंदूला वेसण घालणारा आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काचबिंदू म्हणजे अंधत्वाची शिक्षाच मानली जात असे. डोळा दगडासारखा कठीण होई, असह्य ठणका लागे आणि दृष्टी जाई. जळवा लावण्यापलीकडे वैद्यांच्या हाती फारसे काही नव्हते. हे चित्र पालटवणारे आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांचा जन्म २२ मे १८२८ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील नामांकित शल्यचिकित्सक. पण मुलगा बारा वर्षांचा असतानाच ते वारले. वैद्यकीची पदवी घेतल्यावर प्राग, पॅरिस, व्हिएन्ना आणि लंडन येथे नेत्रविद्येचे धडे गिरवून ग्रेफे १८५१ मध्ये मायदेशी परतले व त्यांनी स्वतःचे नेत्ररुग्णालय थाटले. गोरगरिबांवर तेथे मोफत उपचार होत.

त्याच वर्षी हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या ऑफ्थॅल्मोस्कोपची माहिती प्रसिद्ध केली. जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच उजेडात आला. ग्रेफे यांनी हे उपकरण तातडीने आपलेसे केले. काचबिंदूच्या रुग्णांत दृष्टिमज्जातंतूचे मुख त्यांना आधी फुगलेले वाटले. प्रत्यक्षात ते दाबामुळे आत खचलेले असते. ही चूक लक्षात येताच त्यांनी ती जाहीरपणे दुरुस्त केली. मोठेपणाच्या शिखरावरील किती जण असे करतात?

दाब हेच मूळ दुखणे, हे उमगल्यावर त्यांनी बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा छोटा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया योजली. १८५७ मध्ये ब्रुसेल्सच्या नेत्रतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी ती मांडली. अचानक उसळणाऱ्या काचबिंदूत तिचा गुण विलक्षण होता. संथपणे वाढणाऱ्या प्रकारात मात्र ती तोकडी पडे. रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून ग्रेफे यांनी ही मर्यादाही नोंदवली. शस्त्रक्रिया झाली म्हणजे रुग्ण बरा झाला, असे त्यांनी कधी गृहीत धरले नाही.

या संथ प्रकारासाठीच आज सूक्ष्म छेदाच्या शस्त्रक्रिया केल्या जातात. द्रवाच्या निचऱ्यासाठी डोळ्यात मिलिमीटरभर लांबीची नळी बसवतात. ती जागेवर आहे का, हे पुढील भागाच्या प्रतिमेत पाहता येते. तर १९९१ मध्ये प्रथम मांडल्या गेलेल्या ओसीटी तपासणीने मज्जातंतूंच्या थराची जाडी मायक्रोमीटरमध्ये मोजता येते. नुसता दाब उतरला एवढ्याने भागत नाही; गेलेले तंतू परत येत नाहीत, म्हणून उरलेले टिकले का, हे वर्षानुवर्षे पाहावे लागते. ग्रेफे हेच काम कंदिलाच्या उजेडात, केवळ नजरेच्या अंदाजाने करीत.

१८५४ मध्ये त्यांनी सुरू केलेले नेत्रविद्येचे नियतकालिक त्यांच्या पश्चातही चालू राहिले. १८६८ मध्ये बर्लिनच्या शारिते रुग्णालयातील नेत्रविभागाची धुरा त्यांच्याकडे आली, पण क्षयाने शरीर पोखरले होते. २० जुलै १८७० रोजी, फ्रान्सने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. शारितेच्या परिसरात १८८२ पासून त्यांचे स्मारक उभे आहे.