कौल अंतरीचा

घरात अवघड प्रश्न उभा राहिला, की देव आठवतो. मुलीला आलेले स्थळ, वडिलोपार्जित शेत विकायचे की राखायचे, लागलेली नोकरी सोडायची की नाही, अशा वेळी कुणी देवापुढे चिठ्ठ्या टाकतो, कुणी कोकणातल्या ग्रामदैवताला कौल लावतो. त्यात हसण्यासारखे काही नाही. पण आतून येणारा आवाज देवाचा की आपल्याच हट्टाचा, हे ओळखायचे कसे? खानदेशाने जवळून पाहिलेल्या एका माणसाला हा प्रश्न जन्मभर पडत राहिला.

चोपड्याहून अमळनेरला निघाले, की वाटेत तापी लागते. पलीकडे बोरीकाठी सखाराम महाराजांचे अमळनेर. तेथील प्रताप हायस्कुलात १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने हे शिक्षक म्हणून रुजू झाले. जन्म कोकणातल्या पालगडचा, २४ डिसेंबर १८९९ चा. छात्रालयातल्या मुलांना आईच्या मायेने सांभाळणारे साने सर हळूहळू सर्वांचे साने गुरुजी झाले.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. एकीकडे जीव लावलेली मुले, दुसरीकडे देशाची हाक. गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला आणि तुरुंगाची वाट धरली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. गीता तरी काय आहे? संभ्रमात पडलेल्या माणसाने देवाला विचारलेला सल्लाच. आणि सारे सांगून झाल्यावर भगवंत शेवटचा निर्णय अर्जुनावरच सोपवतात. ते लिहून घेणाऱ्या हाताला पुढे याची प्रचीती यायची होती.

पंढरीचा विठोबा साऱ्यांचा, पण अस्पृश्य मानलेल्या भक्तांना त्याच्या पायांवर डोके ठेवता येत नव्हते. ही सल गुरुजींना झोपू देईना. १९४६ च्या अखेरीस त्यांनी प्राणांतिक उपोषणाचा मनोदय केला. सेनापती बापटांसारख्या वडीलधाऱ्यांनी सबुरीचा सल्ला दिला आणि गुरुजींनी तो मानला. मधले महिने ते गावोगाव हिंडले, लोकांच्या मनाची दारे ठोठावत राहिले. अनेक गावांनी आपापली देवळे खुली केली, पंढरपूरचे दार मात्र उघडेना.

१ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात उपोषण आरंभले. अशातच ते सोडून देण्याविषयी गांधीजींचा निरोप आला. ज्यांच्या शब्दासाठी नोकरी सोडली, त्यांचाच शब्द आता आडवा आला होता. उपोषणाने समोरच्यावर दडपण येते, ही शंका गैर नव्हती. गुरुजींच्या मनाची काय घालमेल झाली असेल! तरीही त्यांनी नम्रपणे आपल्या अंतरात्म्याचे ऐकले. अखेर दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीने बडवे राजी झाले, आणि १० मे रोजी उपोषण सुटले. विठ्ठलाचे दार सर्वांसाठी उघडणार हे ठरले.

गुरुजींचा आवाज खरा कशावरून? एक तर त्यांनी घाई केली नाही. वडीलधाऱ्यांचे ऐकले, थांबले, साधे उपाय करून पाहिले. दुसरे म्हणजे, किंमत मोजायची ती स्वतःच्या देहाने, दुसऱ्याच्या नव्हे. आणि मागणे स्वतःसाठी नव्हते. हट्टाला सहसा या तिन्ही गोष्टी जमत नाहीत.

एवढ्यावर त्यांचे आयुष्य सुखाचे झाले असे नाही. गांधीजींच्या हत्येने ते खचले, आणि ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. इतरांचे अश्रू पुसणाऱ्यालाही आपले दुःख एकट्याने पेलत नाही. म्हणून मनावरचे ओझे देवापुढे ठेवावे, तसेच घरच्यांपुढेही ठेवावे. कधीकधी देवाचे उत्तर त्यांच्याच तोंडून येते.