हबशी वजीर मलिक अंबर

सोलापूरचा भुईकोट आपण सर्वांनी पाहिला आहे. १६२५ साली तो आदिलशाहीकडून जिंकून घेणारा मलिक अंबर हा आफ्रिकेतला हबशी होता. जन्म १५४८ च्या सुमाराचा. पोरवयातच गुलाम म्हणून विकला गेला, आणि बगदादवरून अहमदनगरला आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान, तोही मूळचा हबशी गुलामच! धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि हिमतीने वजीर झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि जमिनीखालच्या नळांनी तेथे पाणी आणले. घागरी वाहून ज्यांची कंबर मोडली त्यांना याचे मोल सांगायला नको.

बादशहा जहांगीराने मात्र त्याच्या काळ्या रंगावरून शिव्या लिहून ठेवल्या. (सून पाहताना आपणही आधी रंगच विचारतो!) अंबरच्या तोडलेल्या डोक्यावर आपण बाण मारतो आहोत असे चित्रही त्याने काढवून घेतले. खरे डोके काही हाती लागले नाही. १६२६ साली अंबर म्हातारपणाने वारला, तेव्हा मोगलांच्याच इतिहासकाराने त्याच्या शौर्याची आणि कारभाराची वाखाणणी केली. त्याची कबर खुलदाबादला आहे.