ली मिलर

एलिझाबेथ ऊर्फ ली मिलर (२३ एप्रिल १९०७ – २१ जुलै १९७७) या अमेरिकेत जन्मलेल्या छायाचित्रकार व युद्धवार्ताहर होत्या. अतिवास्तववादी कलाचळवळीत घडलेली दृष्टी त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या चित्रणासाठी वापरली. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांची त्यांची छायाचित्रे असलेले ‘ग्रिम ग्लोरी : पिक्चर्स ऑफ ब्रिटन अंडर फायर’ (१९४१) हे पुस्तक युद्धकाळातील नागरी प्रतिकाराचा महत्त्वाचा दस्तऐवज मानले जाते. त्याच्या मूळ प्रती आज दुर्मिळ आहेत.

पूर्वायुष्य

ली यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे झाला. वडील थिओडोर हे अभियंते होते आणि त्यांना छायाचित्रणाचा छंद होता, त्यामुळे कॅमेरा व अंधारखोली यांची ओळख ली यांना घरातच झाली. सातव्या वर्षी त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला व त्यातून जडलेल्या रोगावर दीर्घकाळ वेदनादायक उपचार घ्यावे लागले. हा प्रसंग त्यांनी आयुष्यभर मनात दडवून ठेवला. मार्च १९२७ मध्ये ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठावर जॉर्ज लपाप यांनी रेखाटलेले त्यांचे चित्र झळकले आणि त्या न्यूयॉर्कमधील आघाडीच्या मॉडेल झाल्या.

मात्र कॅमेऱ्यासमोर उभे राहण्यापेक्षा त्यामागे उभे राहण्याची त्यांना ओढ होती. १९२९ मध्ये पॅरिसला जाऊन त्यांनी छायाचित्रकार मॅन रे यांना गाठले आणि आपण त्यांची विद्यार्थिनी असल्याचे स्वतःच जाहीर केले. पुढे त्या त्यांच्या सहकारी व सहचरी झाल्या. छायाचित्र विकसित होत असताना त्यावर क्षणभर प्रकाश पाडून कडा उजळण्याचे ‘सोलरायझेशन’ हे तंत्र दोघांना एका अपघातातून गवसले. अंधारखोलीत पायावरून उंदीर गेला म्हणून ली यांनी दचकून दिवा लावला, अशी त्याची कथा सांगितली जाते. तंत्राचे श्रेय मात्र प्रामुख्याने मॅन रे यांच्या नावावर जमा झाले. त्या काळात विद्यार्थिनीच्या वाट्याला श्रेय येणे सोपे नव्हतेच.

१९३२ मध्ये न्यूयॉर्कला परतून त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. १९३४ मध्ये अझीझ एलुई बे या इजिप्शियन गृहस्थांशी विवाह करून त्या कैरोला गेल्या. सिवा मरूद्यानाजवळ टिपलेले ‘पोर्ट्रेट ऑफ स्पेस’ (१९३७) हे फाटक्या जाळीतून दिसणाऱ्या वाळवंटाचे छायाचित्र याच काळातील होय. त्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्रिटिश चित्रकार रोलंड पेनरोझ यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १९३९ मध्ये, युद्धाला तोंड फुटत असतानाच, त्या लंडनला येऊन राहिल्या.

ग्रिम ग्लोरी

७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानांनी लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्बफेक केली. ‘ब्लिट्झ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मोहिमेत ब्रिटनमध्ये ४०,००० हून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. ली या वेळी ब्रिटिश ‘व्होग’साठी काम करत होत्या. दिवसा फॅशनची छायाचित्रे घ्यायची आणि सवड मिळताच कॅमेरा घेऊन ढिगाऱ्यांतून हिंडायचे, असा त्यांचा क्रम होता.

अर्नेस्टीन कार्टर यांनी संपादित केलेले हे पुस्तक लंडनच्या लुंड हम्फ्रीज या प्रकाशनसंस्थेने काढले. अमेरिकेत ते स्क्रिबनर्सने प्रसिद्ध केले. लंडनहून रेडिओवर वार्तांकन करणारे अमेरिकन पत्रकार एडवर्ड मरो यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती, आणि ब्रिटन झुकलेले नाही हे तेथील वाचकाला पटवणे हा पुस्तकाचा उघड हेतू होता.

तरीही त्याला निव्वळ प्रचारपुस्तक म्हणणे अपुरे ठरते. मृतदेह दाखवण्यावर युद्धकालीन प्रसिद्धिनियंत्रणाची बंधने होती. ली यांनी माणसांऐवजी वस्तूंकडे पाहिले. चिरडलेला टंकलेखनयंत्राचा सांगाडा, गळ्यावर लोखंडी कांब आडवी पडलेला स्त्रीपुतळा, दारातून विटांचा लोंढा बाहेर आलेले प्रार्थनागृह, एका हिरवळीवर उतरलेल्या प्रचंड संरक्षक फुग्यापुढे जणू आपणच ते अंडे घातले अशा ऐटीत उभी असलेली हंसांची जोडी. असंबद्ध गोष्टी शेजारी ठेवून मनाला धक्का देणे ही अतिवास्तववाद्यांची जुनी रीत होती. लंडनमध्ये ते काम बॉम्बनीच करून ठेवले होते. या चित्रांतला विनोद हाही प्रतिकाराचाच प्रकार होता. पुतळ्याच्या गळ्यावरील कांब पाहताना मात्र हसू मावळते, आणि न दाखवलेली माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात.

आघाडीवर

१९४२ च्या अखेरीस त्यांना अमेरिकन सैन्याची अधिकृत युद्धवार्ताहर म्हणून मान्यता मिळाली. ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्समधील सेंट मालो शहर जिंकले गेले असे समजून त्यांना तेथे पाठवण्यात आले. प्रत्यक्षात लढाई चालूच होती. स्त्रियांना मनाई असलेल्या युद्धक्षेत्रात शिरल्याबद्दल त्यांना काही काळ स्थानबद्धही व्हावे लागले.

एप्रिल १९४५ मध्ये त्यांनी बुखेनवाल्ड व दाखाउ या छळछावण्या पाहिल्या. येथे त्यांच्या चित्रणातील विनोद आणि सूचकता पूर्णपणे नाहीशी होते. प्रेतांजवळ जाऊन, सरळ समोरून त्यांनी छायाचित्रे घेतली आणि ती खरी मानावीत असे संपादकांना आग्रहाने कळवले. अमेरिकन ‘व्होग’ने जून १९४५ च्या अंकात त्यांतील काही छापली. दाखाउहून आल्यावर म्युनिकमधील हिटलरच्या घरात सहकारी डेव्हिड शेरमन यांनी त्यांचे न्हाणीघरातील टबमध्ये बसलेले प्रसिद्ध छायाचित्र घेतले. टबाबाहेरच्या पायपुसण्यावर छावणीच्या चिखलाने माखलेले त्यांचे बूट दिसतात. तारीख होती ३० एप्रिल. हिटलरने बर्लिनमध्ये आत्महत्या केली तो हाच दिवस.

उत्तरायुष्य

१९४७ मध्ये त्यांनी पेनरोझ यांच्याशी विवाह केला व त्याच वर्षी मुलगा अँटनी याचा जन्म झाला. पेनरोझ हे लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्सच्या संस्थापकांपैकी एक होते. याच संस्थेने १९५४ मध्ये गोमंतकीय चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या कलाकृती प्रदर्शित केल्या होत्या. १९४९ पासून हे कुटुंब ससेक्समधील चिडिंगली येथील फार्ली फार्मवर राहू लागले.

युद्धाने ली यांचा पिच्छा सोडला नाही. नैराश्य आणि मद्यपान यांनी त्यांना ग्रासले. हळूहळू छायाचित्रण मागे पडले आणि पाककलेत त्यांनी मन रमवले. कल्पक पदार्थांसाठी त्या परिचितांत प्रसिद्ध होत्या. जुन्या कामाची चौकशी करणाऱ्यांना त्या विषय बदलून वाटेला लावत. मुलगा व आई यांच्यात दुरावा होता आणि आईने युद्धात काय केले याची त्याला फारशी कल्पना नव्हती.

१९७७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर फार्ली फार्मच्या माळ्यावर सून सुझॅना यांना खोकी सापडली. त्यांत सुमारे ६०,००० छायाचित्रे व निगेटिव्ह, तसेच हस्तलिखिते होती. त्यांच्या आधारे अँटनी पेनरोझ यांनी ‘द लाइव्ह्ज ऑफ ली मिलर’ (१९८५) हे आईचे चरित्र लिहिले. त्यावर आधारित ‘ली’ (२०२३) या चित्रपटात केट विन्सलेट यांनी त्यांची भूमिका केली आहे.